अक्का मुंबई

दिवाळी होऊन गेल्यावर एका पहाटे फोन वाजला आणि पलीकडचा माणूस घाईघाईत म्हणाला, "शेवंतीबाई आहेत काय? मालवणच्या गाडीतून बोलतोय. पार्सल आहे तुमचं. विक्रोळीच्या पुलाखाली या लगेच." मी म्हटलं, "येतो." मग अंथरुणावर तसाच बसून राहिलो. शेवंती, माझी बायको, जुलैमध्ये गेली. तोवर रेशनकार्डावरून तिचं नाव निघालं होतं, बँकेतून निघालं होतं, सोसायटीच्या पाटीवर नवी अक्षरं आली होती. जिथेतिथे मीच जाऊन ते करून आलो होतो. आणि हा माणूस मला सहज विचारत होता, की ती आहे काय. स्कूटर काढून मी पुलाखाली गेलो. क्लीनरनं पोतं खाली ठेवलं. त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, शेवंती अक्का, विक्रोळी. अक्षर तिच्या भावाचं, बाबलीचं. जागा पुरत नाही म्हणून 'विक्रोळी'तला 'ळी' नेहमीसारखा खाली उतरलेला. पोतं मी पुढे पायांशी घेतलं, स्कूटर चालू केली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकून उभा राहिलो. क्लीनर म्हणाला, "काका, काही राहिलं काय?" काही राहिलं नव्हतं. मी मागे वजन पडायची वाट बघत होतो. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, गाडी किंचित डावीकडे कलायची, मग खांद्यावर दोन चापट्या पडायच्या, म्हणजे चल. मी चाळीस वर्षं लिफ्टचं काम केलं. वजन आत आलं की पिंजरा किती दबतो ते मला पायाला कळायचं. पण त्या पहाटे कलायला काही नव्हतं आणि मी उभाच होतो. शेवटी क्लीनरनंच पोत्यावर थाप मारली आणि मी निघालो.

नारळांची गोष्ट अशी. शेवंतीचं माहेर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे जमिनीची पट्टी आणि तिच्यावर माड. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडलांनी घरामागचा, खाडीकडचा एक माड दाखवून सांगितलं होतं, "ह्यो शेवंतीचो." कागद नाही, काही नाही. पण वडील गेल्यावर बाबलीनं तेच चालू ठेवलं. नारळांची पाडप झाली की त्या एका माडाचे नारळ वेगळे पडायचे, पोत्यात भरले जायचे आणि बसनं मुंबईला यायचे. पोतं घरी आलं की शेवंती माझा फोन घ्यायची. तिला स्वतःचा फोन नको होता. मुलीनं दिलेला कपाटात ठेवला होता, तो कधीच मेला. "एका घरात दोन फोन कित्याक?" म्हणायची. तर माझा फोन घेऊन ती गॅलरीत जायची आणि ओरडायची, जणू देवबागला तसंच ऐकू जाणार आहे. "पोचले रे बाबल्या! एक फुटको निघालो." पलीकडून बाबलीचं ठरलेलं उत्तर यायचं, तेही मला आतपर्यंत ऐकू यायचं. "एकच? मगे कित्याक बोंबलतंस?" मग दोघं हसायची आणि पुढे पाऊण तास कोणाचं काय झालं ते चालायचं. बऱ्याच वेळा एकही नारळ फुटलेला नसायचा. मी एकदा म्हटलं, "अगो, खोटं कशाला सांगतेस? सगळे चांगले आहेत." ती म्हणाली, "तुमका नाय कळाचा. तुमी फोंड्याचे." मी फोंडाघाटचा. घाटाच्या पायथ्याच्या माणसाला समुद्राकडचं काही कळत नाही, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं आणि पुढे कधी बदललं नाही.

त्या दिवशी पोतं गॅलरीत ठेवून मी बाबलीला फोन लावला. वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. गणपतीत लावला होता तेव्हाही उचलला नव्हता, दिवाळीतही नाही. मी लिफ्टचा माणूस, मोटर वाजली की काय बिघडलं ते सांगायचो. पण न उचललेल्या फोनच्या वाजण्यातून काहीच समजत नाही, रागाचं वाजणं आणि दुसरं कसलं वाजणं सारखंच असतं. शेवंती गेली तेव्हा पावसानं रस्ता बंद होता, दरड खाली आलेली. देवबागची माणसं पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबलीला बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही. बाराव्यापर्यंत तो आमच्या घरात भिंतीला टेकून बसला आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला तेव्हा वाटलं, दुःख आहे. मग फोन उचलेना तेव्हा वाटलं, राग आहे. आणि पोतं आल्यावर तिसरंच वाटायला लागलं, की माड तिचा होता म्हणून तिचे नारळ त्यानं शेवटचे एकदा पाठवले. मुलगी होती तोवर जावई. आता मी त्या घराचा कोण? हे वाटणं डोक्यातून जाईना. गॅलरीत पोतं, पोत्यावर तिचं नाव. मी त्यातला एकही नारळ काढला नाही. कपडे वाळत घालताना त्याला वळसा घालून जायचो.

माझी मुलगी समीक्षा पुण्याला असते. ती म्हणाली, "बाबा, सरळ मामाकडे जा ना." मी म्हटलं, "जो फोन उचलत नाही त्याच्या दारात कसं उभं राहायचं?" ती म्हणाली, "मग नका जाऊ." मुली असं बोलतात तेव्हा बापानं जावं अशीच त्यांची इच्छा असते. पुढे एकदा फोनवर जाहिरात दिसली. तारकर्ली ते देवबाग, किनाऱ्यानं इलेक्ट्रिक सायकलची सफर, सोबत गाईड, सायकल आणि हेल्मेट मिळेल. बाकी काही मी वाचलं नाही. हेल्मेट एवढंच वाचलं. चार पर्यटकांत एक म्हातारा, डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, बाबलीच्या दारावरून जाईल. घरापुढच्या खळ्यात कोणी असलं तर त्याचं तोंड दिसेल. घर कसं आहे, माणसं कशी आहेत तेवढं बघायचं आणि पुढे जायचं. सासुरवाडीला जावई तोंड लपवून चाललाय हे शेवंतीला कळलं असतं तर ती महिनाभर हसली असती. समीक्षाला एवढंच सांगितलं, की मला ती सायकल चालवायचीय. तिनं आनंदानं बुकिंग करून दिलं.

गाईड होती दीपिका म्हणून मालवणची बाई. पस्तिशीची, आवाज मोठा, गळ्यात शिट्टी. माझ्याशिवाय कोल्हापूरकडची दोन जोडपी होती. डिसेंबरची सकाळ, ऊन कोवळं. दीपिकानं शाळेतल्यासारखं शुद्ध मराठीत सगळं समजावलं, हे बटण, हा ब्रेक, पायडल मारलं की मोटर आपोआप मदत करते. मी पहिलं पायडल मारलं आणि दचकलो. मागून कोणीतरी हलकेच ढकललं होतं. पाठीवर हात नव्हता, आवाज नव्हता, मागे कोणी बसलं नव्हतं, पण ढकललं होतं. मी थांबलो, परत मारलं, परत तेच. दीपिका म्हणाली, "काका, घाबरू नका, ती तुम्हाला सोडून पळणार नाही." मी म्हटलं, "घाबरत नाही." एवढं बोलून गप्प झालो, कारण तोंड उघडलं की मालवणी येईल आणि ती विचारेल, कुठले तुम्ही. मी मुंबईचा म्हणून नाव लावलं होतं.

रस्ता आता डांबरी आहे. दोन्ही बाजूंना पाट्या, खोल्या मिळतील, डॉल्फिन दाखवू, जेवण मिळेल. मी पहिल्यांदा आलो तेव्हा पुढे नुसती वाळू होती. मुलगी बघायला आलो होतो. दाजीकाका म्हणून आमचे एक नातेवाईक होते, ते एसटीनं यायचे होते आणि मी ऐटीत मालवणातून भाड्याची सायकल घेऊन निघालो. वाळूत चाक रुतलं आणि मी एका माडाच्या मुळाशी पडलो. पँट गुडघ्यावर फाटली. कुंपणाच्या आतून कोणीतरी हसलं. बांबूवर मासळी वाळत घालणारी एक मुलगी होती. तिनं मला उठवलं नाही, पाणी दिलं नाही. हसत आत गेली. तासाभरानं तीच चहा घेऊन माझ्यापुढे आली आणि कप ठेवताना माझ्या गुडघ्याकडे बघितलं. दाजीकाका नंतर म्हणाले, मुलीला तू पसंत नाहीस बहुतेक, सारखी तोंड फिरवत होती. ती हसू दाबत होती हे मला ठाऊक होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. तो माड कुठला ते मी आता शोधत चाललो होतो आणि मागून मोटर ढकलत होती, एवढ्यात गल्लीतून एक स्कूटरवाला सुसाट आडवा आला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मेल्या, खंय घालतंस गाडी? डोळे फुटले काय रे?"

दीपिकानं सायकल वळवून माझ्या शेजारी आणली. "काका! तुमी हंयचे?"

"नाही, मुंबई."

"मुंबयत असां गाळी घालूक शिकवतत?" ती मोठ्यानं हसली. "मियां सकाळपासून तोंड दुखासर शुद्ध बोलतंय, आणि तुमी आपले गप! गाव खंयचो?"

"फोंडा."

"मगे घरच्यासारखे. लपवतास कित्याक?" मी पायडल मारत राहिलो. तीही चांगली बाई, जास्त विचारलं नाही. फक्त मधूनमधून मागे बघून डोळे मिचकावत होती, जणू आम्ही दोघांनी मिळून कोल्हापूरकरांना फसवलं आहे.

देवबाग सुरू झालं. डावीकडे माडांच्या आड खाडी चमकायला लागली. मला घर लांबूनच दिसलं. कौलं तीच, आवाराच्या दगडी गडग्याला नवा चुना. मी हँडल घट्ट धरलं, मान खाली घातली. ठरवल्याप्रमाणे न थांबता जायचं, डोळ्यांच्या कडेनं बघायचं. आणि पुढे दीपिकानं शिट्टी मारली, हात वर केला आणि सायकल सरळ त्या गडग्याच्या फाटकातून आत घातली. "चला, नाश्ता! घावणे आणि शहाळं. आमच्या सुभद्राकाकींच्या हातचे घावणे खाल्ले नाहीत तर सफर फुकट." सुभद्रा म्हणजे बाबलीची बायको. तिनं हे काम ह्याच हंगामात सुरू केलं होतं, मला कुठून माहीत असणार? जाहिरातीत नाश्ता लिहिला असेलही. मी हेल्मेट तेवढं वाचलं होतं. परत फिरावं तर मागे कोल्हापूरकर. मी आत गेलो, सायकल थांबवली.

पडवीत बाक मांडले होते. बाकीच्यांनी हेल्मेटं काढली, बूट घालूनच वर येऊन बसली, फोटो काढायला लागली. मी टोकाला बसलो, हेल्मेट चष्मा तसाच ठेवून. कौलांच्या फटीतून पडणारं ऊन तेच होतं, आतून येणारा धुराचा आणि खोबऱ्याच्या चटणीचा वास तोच. ह्याच बाकावर, म्हणजे इथे तेव्हा बाक नव्हता, चटई होती, शेवंती बाळंतपणानंतर समीक्षाला मांडीवर घेऊन बसायची आणि मी मुंबईहून आलो की म्हणायची, इलास, आता हिका घेवा, माझ्या मांड्यो भरल्यो. सुभद्रा बाहेर आली. केस पांढरे झालेले. हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. एकेकाला देत ती माझ्यापाशी आली, थांबली, आणि मला ग्लास न देताच आत गेली. म्हटलं, ओळखलं आणि पाणीही दिलं नाही. उठावं आणि चालत मालवण गाठावं. तोवर ती परत आली. हातात पितळेचा मोठा तांब्या होता. तो तिनं पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाय धुवा, भावोजी."

पर्यटक बूट घालून वर बसले होते. पाय धुवायला पाणी घरच्या माणसाला देतात. मी उठलो, पायरीवर गेलो, बूट काढले, मोजे काढले. पाणी विहिरीचं, गार. ते पायांवर पडलं आणि मला पुढचं काही दिसेना. चष्म्याचा उपयोग झाला.

"डोक्यावरचां तां काढतलास, की तसेच घावणे खातलास?" सुभद्रा म्हणाली.

मी हेल्मेट काढलं. "ओळखलंस कसं?"

"सायकल लावलास, आणि पाय टेकून तसेच उभे रवलास," ती म्हणाली. "वन्स मागसून उतरासर रवत होतास तसे." मग तिनं तोंडाला पदर लावला आणि आत बघून हाक मारली, "आयकलास काय? भायर येवा. भावोजी इलेत. पावण्यांच्या सायकलीवरसून इलेत, आमका फसवूक!"

दीपिका घावण्याचा घास हातात धरून बघत राहिली. "काका, ह्यां तुमचां घर?" ती कोल्हापूरकरांना घेऊन खाडीकडे गेली, होड्या दाखवते म्हणाली.

बाबली मागच्या दारानं आला. अंगात बनियन, हातात कोयता, शहाळी सोलत असणार. वाळला होता. चाल थेट शेवंतीची, डावा पाय जरा आत टाकत. माझ्यासमोर खांबाला टेकून खाली बसला, कोयता बाजूला ठेवला. मग तो म्हणाला, "पैसे भरून सासुरवाडीक येणारो जावय पयलोच बघलंय."

"तू फोन उचलत नाहीस," मी म्हटलं. "मला वाटलं, संबंध संपला."

सुभद्रा दारातून म्हणाली, "दाखवा. फोन दाखवा त्यांका." तो हलला नाही. मग तिनंच कोनाड्यातला फोन आणून त्याच्या मांडीवर टाकला आणि मला म्हणाली, "तुमी लावा हंयसून." मी माझा फोन काढला, लावला. बाबलीच्या मांडीवर फोन वाजायला लागला, थरथरायला लागला, आणि उजेडात मोठ्या अक्षरांत नाव आलं. अक्का मुंबई.

तो त्याच्याकडे बघत होता. मी बंद करायला विसरलो. फोन वाजत राहिला, शेवटी आपला आपण थांबला. सुभद्रा म्हणाली, "गणपतीत पण असेच बसले हुते, हातात धरून. मियां म्हटलंय, देवा माका, मियां बोलतंय. तर देणत नाय. वाजान थांबासर बघीत रवतत."

"उचललंय तर तुमी बोलतलास," बाबली म्हणाला. मान वर केली नाही. "वाजता तवसर अक्काचो फोन आसता."

मी त्याच्याजवळ खाली बसलो. चटई नव्हती, जमिनीवरच. इतके महिने मी त्याच्या रागाची वेगवेगळी कारणं जुळवत होतो आणि हा इथे खांबाला टेकून माझ्या प्रत्येक फोनची वाट बघत होता, उचलायचा नाही म्हणून. मी म्हटलं, "नाव बदलून देऊ का?" त्यानं फोन माझ्या हातात दिला. "बदला." मी ते नाव उघडलं. खाडाखोड करायची पट्टी आली. माझा अंगठा त्यावर होता. रेशनकार्ड, बँक, पाटी, सगळीकडे ह्याच हातानं मी अर्ज दिले होते आणि हात कधी थांबला नव्हता. मी ती पट्टी बंद करून फोन कोनाड्यात ठेवून आलो. बाबलीनं विचारलं नाही, बदललं की नाही. सुभद्रानं घावणे आणले. आम्ही दोघांनी एकाच ताटात खाल्ले, कारण दुसरी ताटं पावण्यांना गेली होती.

दीपिका परतली तेव्हा बाबली म्हणाला, "हे आता पुढे येवचे नाय, हंयच रवतले." मी म्हटलं, "सायकल तिची आहे, पोचवून येतो. संध्याकाळी येतो." सुभद्रा म्हणाली, "हेल्मेट न घालता येवा." कोल्हापूरच्या बायका हसल्या, त्यांना काय समजलं कोण जाणे.

सफर देवबागच्या टोकाला संपते. तिथे खाडी समुद्राला मिळते आणि जमीन संपते. बाकीचे होडीवाल्यांशी बोलत होते. मी सायकल उभी केली, आणि ह्या वेळी ध्यानात ठेवून लगेच उतरलो. पाण्याकडे बघत राहिलो. फोंड्याच्या माणसाला समुद्रातलं काही कळत नाही, पण खाडीचं पाणी कुठे संपतं ते मला तरी दिसत नव्हतं. बाबली आता मागच्या दारी शहाळी सोलत असेल, फोन कोनाड्यात असेल. मला वाटलं, त्याला एकदा वाजवून द्यावा. त्यानं उचलावा म्हणून नाही. संध्याकाळपर्यंत एकदा अक्काचा फोन येऊन जाईल, एवढंच. मी लावला आणि कानाला धरून, शेवटपर्यंत वाजू द्यायचा म्हणून उभा राहिलो. दोनदा वाजला, तीनदा वाजला. मग पलीकडे कोणीतरी कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. फोन उचलला होता. बाबली बोलत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. माझी काही तयारी नव्हती. इतक्या वर्षांत ह्या दोन फोनांच्या मधे जे बोललं गेलं होतं तेवढंच मला येत होतं.

मी म्हटलं, "पोचले रे बाबल्या."

मग मी पुढचंही म्हटलं.

"एक फुटको निघालो."

वारा होता. होडीवाले ओरडत होते. मी फोन कानाला दाबून धरला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग मोठ्यानं, मुंबईला ऐकू जावं अशा आवाजात, बाबली म्हणाला, "एकच? मगे कित्याक बोंबलतंस?"